‘डॉक्टरांना कळवा’ हे उत्तर चुकतं तेव्हा: नर्स प्रॅक्टिशनरच्या परीक्षेची तयारी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, होस्टेलवर असाल किंवा नाइट ड्युटी संपवून घरी निघाला असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘ताई, अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायची परीक्षा फार अवघड असते का? अभ्यास कसा केलास?’ विचारणाऱ्या बहुतेक मुली बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत, काही स्टाफ नर्स आहेत, दोन-तीन मुलगेही आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकते. पहिल्या वेळेला मी नापास झाले. पास व्हायला 500 गुण लागतात, मला 478 मिळाले. सेंटरवरच कळलं. बाहेर येऊन गाडीत बसले आणि अर्धा तास गाडी सुरूच केली नाही. टेक्सासमधला जूनचा महिना, आत भट्टी झालेली, तरी काच खाली करायचं सुचलं नाही. एका क्लिनिकची ऑफर हातात होती, पण अट होती की आधी सर्टिफिकेशन. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. आणि लाज वाटत होती ती वेगळीच. अकरा वर्षं आयसीयूत काढलेली सिस्टर मी! माझ्यासोबत बसलेल्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुली पास झाल्या होत्या.

मी का नापास झाले, ते मला नंतर कळलं. आजचा भाग त्यावरच आहे, कारण माझी चूक वॉर्डात काम केलेल्या प्रत्येक सिस्टरची होऊ शकते.

आधी थोडक्यात: एनपी म्हणजे कोण?

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, ही अशी नर्स जी पेशंटला स्वतः तपासते, निदान करते, तपासण्या लिहून देते, औषधं लिहून देते. 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने पहिला असा अभ्यासक्रम सुरू केला. ज्या भागांत मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, तिथे शिकलेल्या नर्सने ते काम करावं ही कल्पना. आज अमेरिकेत कुणी साध्या तापासाठी क्लिनिकमध्ये गेलं, तर समोर बऱ्याचदा एनपीच असते.

आता महत्त्वाचं. ही परीक्षा भारतातून थेट देता येत नाही. रस्ता असा आहे: आधी भारतातलं नर्सिंगचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन. मग तुमच्या कागदपत्रांची पडताळणी आणि एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा. ती पास झाली आणि लायसन्स मिळालं की तुम्ही तिथे रजिस्टर्ड नर्स. त्यानंतर तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतून एनपीची मास्टर्स किंवा डॉक्टरेट. त्यासाठी बहुतेक ठिकाणी बीएस्सी लागतं, म्हणजे जीएनएमवाल्यांनी पोस्ट बेसिक बीएस्सीचा विचार आधीच करावा. शिक्षण चालू असताना प्रत्यक्ष पेशंट तपासण्याचे तास भरायचे असतात. पूर्वी किमान 500 तास चालायचे, 2022 च्या राष्ट्रीय निकषांमध्ये हा आकडा 750 केला गेला. हे सगळं झाल्यावर मग सर्टिफिकेशनची परीक्षा.

त्यामुळे कोणी सांगत असेल की ‘इतके लाख भरा, सहा महिन्यांत एनपी करून अमेरिकेत पाठवतो’, तर पैसे देऊ नका. असा रस्ता नाही.

दोन परीक्षा, एक निवडायची

मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर केलं, म्हणजे बाळापासून आजीपर्यंत सगळे पेशंट. त्यासाठी दोन मोठी मंडळं परीक्षा घेतात. कुठलीही एक पास झालात की चालतं.

पहिलं मंडळ म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्सचं सर्टिफिकेशन बोर्ड. मी ही परीक्षा दिली तेव्हा 150 प्रश्न आणि 3 तास असा हिशेब होता. त्यातले 135 गुणांसाठी, उरलेले 15 पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे. कुठले 15 ते आपल्याला कळत नाही. 200 ते 800 च्या मोजपट्टीवर 500 ला पास. प्रश्न जवळजवळ सगळे क्लिनिकल.

दुसरं मंडळ म्हणजे अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर. तिथे तेव्हा 175 प्रश्न आणि साडेतीन तास होते, 500 पैकी 350 ला पास. त्यात क्लिनिकलच्या जोडीला संशोधन, कायदा, धोरण, व्यवसायाची नीती असे प्रश्नही येतात. ज्यांना पुढे शिकवायचंय त्यांच्यापैकी बरेच जण ही निवडतात. मी पहिली निवडली, कारण मला वाटलं, क्लिनिकल तर आपला हातखंडा!

आणि तिथेच आपटले.

माझं नेमकं काय चुकलं

नापास झाल्यावर निकालासोबत एक तक्ता येतो. परीक्षेचे चार भाग असतात: तपासणं, निदान करणं, योजना ठरवणं आणि परिणाम पाहणं. तपासण्यात मी चांगली होते. निदानातही बरी. योजनेत मात्र सपाट झोपलेले.

म्हणजे पेशंटला काय झालंय हे मला कळत होतं. पुढे काय करायचं, तिथे हात थांबत होता.

विचार करा, आपण वॉर्डात काय शिकतो? बीपी खाली गेलं, डॉक्टरांना कळवा. लघवी कमी झाली, डॉक्टरांना कळवा. केसपेपरवर वेळ टाका, सही करा, कळवलं असं लिहा. चांगली सिस्टर कोण? जी वेळेत ओळखते आणि वेळेत कळवते. अकरा वर्षं मी हेच केलं आणि त्याबद्दल कौतुकही मिळवलं. ती सवय हाडात गेली होती. परीक्षेत चार पर्याय आले की माझा डोळा आपोआप ‘तज्ज्ञांकडे पाठवा’ यावर जायचा. तेच सुरक्षित वाटायचं.

उदाहरण देते. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायला मनाई असते, म्हणून हे प्रश्न मी स्वतः बनवलेत.

76 वर्षांच्या आजी. दोन आठवड्यांपासून कानशिलात दुखतंय, केस विंचरताना टाळू हुळहुळते, चावताना जबडा भरून येतो. काल एका डोळ्यापुढे क्षणभर अंधार आला. ईएसआर खूप वाढलाय. पुढचं पाऊल काय? पर्याय: मायग्रेनची गोळी, पुढच्या आठवड्यात तज्ज्ञांची अपॉइंटमेंट, लगेच स्टिरॉइड सुरू करून तातडीने बायोप्सीची सोय, महिन्याने पुन्हा ईएसआर.

मी ‘तज्ज्ञांची अपॉइंटमेंट’ निवडलं असतं. पण हा जायंट सेल आर्टरायटिस आहे, कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीची सूज. आठवडाभर वाट पाहिली तर आजींची दृष्टी कायमची जाऊ शकते. स्टिरॉइड आत्ता द्यायचं, बायोप्सी मागून. तज्ज्ञ लागतातच, पण ते येईपर्यंतचा निर्णय तुमचा.

आता उलटं उदाहरण. 34 वर्षांचा तरुण, एरवी ठणठणीत. सहा दिवस खोकला, पिवळा कफ. ताप नाही, ऑक्सिजन छान, छाती स्वच्छ. काय द्याल? आपल्याकडे हात लगेच अँटिबायोटिककडे जातो. पिवळा कफ म्हणजे इन्फेक्शन, असं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण हा साधा ब्राँकायटिस, बहुतेक वेळा व्हायरसमुळे. खोकला दोन-तीन आठवडे चालू शकतो. बरोबर उत्तर: अँटिबायोटिक नको, आराम पडेल असे उपाय, आणि कधी परत यायचं ते नीट समजावून सांगणं. ‘काही करू नका’ हाही निर्णय असतो, आणि आयसीयूतल्या बाईला तो सगळ्यात जड जातो!

तिसरं तर आपल्या घरचंच. भारतातून तीन वर्षांपूर्वी आलेला माणूस. टीबीची त्वचेवरची चाचणी केली, 12 मिलिमीटरची गाठ आली. लक्षणं काहीच नाहीत. लहानपणी बीसीजी घेतलंय. मी म्हणणार, ‘अहो, बीसीजीमुळे आली असेल, सोडा.’ चूक. मोजायची असते ती कडक गाठ, लाली नाही. आणि टीबी जास्त असलेल्या देशातून पाच वर्षांच्या आत आलेल्या माणसाला 10 मिलिमीटरला पॉझिटिव्ह धरतात, बीसीजी घेतलं असलं तरी. मग छातीचा एक्स-रे काढून आजार सक्रिय आहे का ते बघायचं. बीसीजी घेतलेल्यांसाठी रक्ताची चाचणी आणखी बरी, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. घरचा अनुभव माहितीच्या आड आला.

आईचा खोकला

नापास झाल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं, सांगलीला आईला नाही. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो आणि आई दर दोन वाक्यांनी खोकत होती.

‘किती दिवस झाले गं आई खोकल्याला?’

‘झाले की तीन-चार महिने. हवाच तशी आहे. सगळ्यांनाच आहे.’

तीन-चार महिने! आणि या तीन-चार महिन्यांत मी दर रविवारी तिच्याशी बोलत होते.

‘बीपीची गोळी बदललीय का मधे?’

‘हो, दिवाळीनंतर.’

‘पाकिटावरचं नाव वाच बघू.’

तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचलं. शेवटी होतं ‘प्रिल’. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं, त्या एसीई इनहिबिटर गटातल्या. त्यांनी काही जणांना कोरडा खोकला लागतो. हे मी दोन वर्षं पाठ करत होते. फ्लॅशकार्ड होतं माझ्याकडे, पिवळ्या रंगाचं! आणि स्वतःच्या आईला एक प्रश्न विचारला नव्हता.

मी तिला गोळी बंद करायला सांगितलं नाही, हे मुद्दाम सांगते. तसं मनाने बंद करायचं नसतं, आणि भारतात औषध बदलायचा मला अधिकारही नाही. एवढंच म्हटलं, ‘उद्या डॉक्टरांकडे जा, हे पाकीट दाखव आणि खोकला कधी सुरू झाला ते सांग.’ त्यांनी गोळी बदलली. दुसऱ्या गटातली दिली, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘सार्टन’ येतं. तीन आठवड्यांत खोकला गेला.

त्या रात्री मी आईला सांगितलं की मी नापास झालेय. ती म्हणाली, ‘मग परत दे की.’ एवढंच.

दुसऱ्यांदा अभ्यास कसा केला

नियम असा होता की नापास झाल्यावर कच्च्या भागांमध्ये 15 तासांचं सतत शिक्षण पूर्ण करून दाखवायचं आणि मग पुन्हा अर्ज करायचा. एका कॅलेंडर वर्षात दोनच संधी. क्लिनिकने मला दोन महिने वाढवून दिले. म्हणजे ही शेवटची गाडी होती. आठवड्याला बारा तासांच्या तीन शिफ्ट चालूच होत्या. आठ आठवडे मी काय केलं, ते क्रमाने सांगते.

एक: चुकांची वही. पहिल्या वेळी मी ते जाडजूड रिव्ह्यू पुस्तक दोनदा वाचलं होतं. या वेळी रोज 40 प्रश्न सोडवले, आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहिलं. कारणं चारच: माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, माहीत होतं पण सवयीने उत्तर दिलं, बरोबर उत्तर खोडून चुकीचं केलं. पंधरा दिवसांनी मोजलं तर ‘सवयीने’ हा रकाना सगळ्यात मोठा. म्हणजे आणखी पुस्तकं आणून उपयोगच नव्हता.

दोन: शेवटची ओळ आधी वाचायची. प्रश्न काय विचारतोय? कुठली तपासणी, कुठलं निदान, कुठला उपचार की पुढे कधी बोलवायचं? अनेकदा चारही पर्याय खरे असतात. विचारलेलं असतं ‘सर्वात आधी काय’. हे ठरवून मग वर जायचं आणि वय, गरोदरपण, चालू औषधं या तीन गोष्टी शोधायच्या. आईच्या गोळीचंच बघा, तीच गोळी गरोदर बाईला चालत नाही.

तीन: जुळी भावंडं एकत्र. दिसायला सारखे आजार मी एकाच पानावर लिहिले. लोह कमी असलं तरी रक्तपेशी लहान आणि थॅलेसेमिया मायनरमध्येही लहान. फेरिटिन बघा: पहिल्यात कमी, दुसऱ्यात सहसा नॉर्मल. बी-12 कमी आणि फोलेट कमी, दोन्हीकडे पेशी मोठ्या. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-12 चा संशय घ्या. तोंड वाकडं झालंय? कपाळाला आठ्या घालायला सांगा. बेल्स पाल्सीत त्या बाजूचं कपाळही हलत नाही, स्ट्रोकमध्ये सहसा हलतं.

चार: आकडे थोडे, पण पक्के. उपाशीपोटी साखर 126 किंवा एचबीए1सी 6.5 असेल तर डायबिटीस. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी 45 पासून. थायरॉइडची गोळी सुरू केली की टीएसएच पुन्हा 6 ते 8 आठवड्यांनी. असे दोन पानांत मावतील एवढेच आकडे रोज सकाळी चहाबरोबर.

पाच: मराठीत मोठ्याने बोलणं. ही माझी सगळ्यात आवडती. रोज रात्री एक आजार नवऱ्याला मराठीत समजावून सांगायचा. तो आयटीवाला, त्याला काही कळत नाही, म्हणूनच उपयोगी. ‘मग तू काय करणार?’ एवढंच तो विचारायचा. ‘डॉक्टरांना विचारणार’ म्हटलं की हसायचा. इंग्रजी शब्द पाठ असले की समजल्याचा भास होतो. मराठीत सांगायला गेलं की कुठे पोकळ आहे ते लगेच उघडं पडतं.

सहा: घड्याळ. 150 प्रश्न, 180 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. शेवटच्या तीन रविवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पूर्ण पेपर दिला. शंभराव्या प्रश्नानंतर डोकं कसं बधिर होतं, हे आधी अनुभवलेलं बरं.

आणि एक कागदोपत्री गोष्ट. अर्जावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे डिग्रीवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, लायसन्सवर मधलं नावच गायब. हे महिनाभर आधी बघा. परीक्षेच्या सकाळी नको.

दुसरा दिवस आणि त्यानंतर

दुसऱ्या वेळी मी शांत होते असं म्हणणार नाही. हात गार पडले होते. पण ‘तज्ज्ञांकडे पाठवा’ हा पर्याय दिसला की मी स्वतःला विचारत होते, ‘पाठव, पण आत्ता, या खोलीत, तू काय करणार आहेस?’ काही ठिकाणी तेच उत्तर बरोबर होतं, बऱ्याच ठिकाणी नव्हतं. स्क्रीनवर ‘पास’ दिसलं. गाडीत बसल्यावर या वेळी आधी एसी लावला आणि मग आईला फोन केला. सांगलीत रात्रीचा दीड वाजला होता. ती जागीच होती.

पास झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. मग राज्याचं लायसन्स वेगळं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. काही राज्यांत एनपी पूर्ण स्वतंत्रपणे काम करते. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरसोबत लेखी करार लागतो. सर्टिफिकेट पाच वर्षांचं, नंतर नूतनीकरण. आणि या सर्टिफिकेटवर भारतात औषधं लिहिता येत नाहीत. ज्यांना इथेच राहून पुढे जायचंय, त्यांनी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम जरूर बघावा.

वॉर्डात शिकलेलं फुकट गेलं का? अजिबात नाही. क्लिनिकमधल्या दुसऱ्याच आठवड्यात पोटदुखीचा एक पेशंट आला. आकडे सगळे नॉर्मल होते, पण त्याचा चेहरा मला आवडला नाही. तो चेहरा मी आयसीयूत शंभरदा पाहिला होता. मी त्याला थेट इमर्जन्सीला पाठवलं आणि मग डॉक्टरांना कळवलं. क्रम तेवढा बदलला होता.

तर मंडळी, तयारी करत असाल तर आजच चुकांची वही सुरू करा, एनक्लेक्ससाठीही तीच चालते. नापास झाला असाल, तर तो तक्ता फाडू नका, नीट वाचा. आणि घरी आई-बाबांना बीपीची गोळी चालू असेल, तर आज फोन करून पाकिटावरचं नाव विचारा.

पुढच्या भागात एनक्लेक्सबद्दल बोलू. तोपर्यंत हा भाग तुमच्या नाइट ड्युटीवाल्या मैत्रिणीला पाठवा. काळजी घ्या, भेटू!